सीनियरकडे पैसे कोणत्या तोंडाने मागू?

पत्राचा सारांश : पत्रलेखक २७ वर्षांचा, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. घराण्यातला पहिलाच वकील. सनद मिळून चौदा महिने झाले, बार कौन्सिलची परीक्षाही पास झाला आहे. जिल्हा न्यायालयातल्या एका नावाजलेल्या दिवाणी वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम करतो. ठरलेला पगार नाही. कधी दोन हजार मिळतात, कधी तीन, दिवाळीला पाच मिळाले. येण्या-जाण्याच्या पेट्रोललाच त्याहून जास्त जातात. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, पेन्शन तुटपुंजी आहे. ‘बाबांना सांगितलंय की महिन्याला आठ हजार मिळतात, वरचे मित्राकडून उसने घेतो.’ बरोबरचा एक मित्र कोल्हापूरला गेला, दुसऱ्याने पुण्यात कंपनीत नोकरी धरली. घरचे म्हणतात, न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास कर. धाकटी बहीण पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि विचारते, ‘दादा, मी पुढे शिकू का सोडू?’ रविवारी रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं. ‘सरांनी मला उभं केलं. आता त्यांच्याकडे पैसे कोणत्या तोंडाने मागू?’

*

तुझ्या या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण बाकीची गाठ तिथेच बसली आहे.

चौदा महिन्यांत काय काय केलंस ते तूच लिहिलं आहेस. सकाळी साडेनऊला ऑफिस उघडायचं, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघून फाइली काढायच्या, केसच्या पुकाऱ्याला उभं राहायचं, कागदपत्रांच्या नकलांसाठी अर्ज टाकायचे, संध्याकाळी पक्षकाराची हकीकत टिपून कैफियतीचा, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचा, कच्चा मसुदा करायचा. सर तो वाचतात, लाल पेनाने चार ओळी बदलतात आणि सही करतात. सर तुला शिकवताहेत हे खरं आहे. त्यांचं ऑफिस तू चालवतो आहेस, हेही तितकंच खरं. पण तू फक्त पहिली बाजू जमेला धरलीस, दुसरी वहीत मांडलीच नाहीस. सरांचे उपकार जन्मभर मान, मीही माझ्या सीनियरांचे मानते. त्या उपकारांची फेड पेट्रोलच्या पैशांतून करायची असते, असं मात्र कुणी ठरवलेलं नाही.

‘पहिली चार वर्षं घरचं खाऊन वकिली करायची’ हे वाक्य तू बाररूममध्ये ऐकलं असशीलच. मीही ऐकलं होतं. ते पहिल्यांदा ज्यांनी म्हटलं असेल, त्यांच्या घरी खायला होतं. वडिलांची चालती वकिली होती, नाहीतर ऊस होता, शहरात राहायला काकांचा वाडा होता. त्यांच्या दृष्टीने ते वाक्य प्रामाणिकच होतं. पण कंडक्टरच्या मुलाला तोच नियम लावला की तो दोन वर्षांत बाहेर पडतो, आणि मग आपण म्हणतो, याच्यात चिकाटी नव्हती. तुझ्यात चिकाटी नाही असं मला अजिबात वाटत नाही. चौदा महिने उसनवारी करून रोज पुकाऱ्याला हजर राहणाऱ्या मुलाला आणखी कसली परीक्षा द्यायची राहिली आहे?

हा काही फक्त माझा मायेचा आग्रह नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली आहे. ही शिफारस आहे, सक्ती नाही. लहान गावातल्या सीनियरचीही आवक बेताची असू शकते, हे त्या परिपत्रकातच मान्य केलं आहे. त्यामुळे तो कागद सरांपुढे आपटायला जाऊ नकोस. तुझ्या मनातली अपराधी भावना घालवायला मात्र तो पुरेसा आहे. तू जे मागणार आहेस, ते वकिलांच्या सर्वोच्च संस्थेने लेखी योग्य ठरवलेलं आहे.

आता मागायचं कसं? आधी दोन आठवडे एका वहीत रोजचं काम लिही. किती मसुदे, किती तारखा, किती अर्ज, ऑफिसात किती तास. सरांना दाखवायला नव्हे, तुझ्या स्वतःसाठी. स्वतःचं काम कागदावर दिसलं की आवाज आपोआप स्थिर होतो. मग शनिवारची संध्याकाळ बघ, पक्षकार गेलेले असतील अशी. बोर्ड भरलेला असेल त्या दिवशी हा विषय काढायचा नाही. आणि गोल गोल बोलायचं नाही. ‘सर, मला तुमच्याकडेच काम करायचं आहे. पण येण्या-जाण्याचा आणि जेवणाचा खर्च महिन्याला इतका होतो, तो घरून भागत नाही. दर महिन्याला ठरावीक रक्कम मिळाली तर मी नीट टिकेन. आणि मी तयार केलेल्या कामाच्या वकीलपत्रावर माझंही नाव असावं, अशी इच्छा आहे.’ एवढंच. आकडा विचारला तर तुझा आकडा तयार असू दे. पंधरा हजार जमणार नाहीत असं ते म्हणाले, तर आठवर सुरुवात करून सहा महिन्यांनी पुन्हा बोलायचं ठरवून घे. तेही जमत नसेल, तर आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या कामाला मोकळे माग. पैसा नसेल तर वेळ द्यावा, हे कुठलाही भला सीनियर समजून घेतो.

वकीलपत्र म्हणजे पक्षकाराने वकील नेमल्याचा कागद, त्यावरच्या नावाचा आग्रह मी मुद्दाम धरते आहे. घरचे परीक्षेचं म्हणतात ना, त्याच्याशी याचा थेट संबंध आहे. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. ती वर्षं बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात, आणि वकिलीचा दाखला किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशांचं शिक्कामोर्तब लागतं. तेव्हा खोलीत दार लावून अभ्यासाला बसणं आणि वकिली करणं, असे दोन फाटे आता तुझ्यापुढे उरलेलेच नाहीत. तुझी चौदा महिन्यांची पायपीट त्या हिशेबात जमा होते आहे. वाया गेलेलं काही नाही. फक्त ती कागदावर दिसायला हवी.

पत्र वाचताना मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. तुझ्या चार पानांत ‘सर’ हा शब्द तीसेक वेळा आहे आणि दुसऱ्या एकाही वकिलाचा उल्लेख नाही, त्या निघून गेलेल्या दोन मित्रांखेरीज. शिक्षण, पैसा, धीर, ओळख, पुढची वाट, सगळं तू एकाच माणसाकडून अपेक्षितो आहेस. एवढं ओझं कुठल्याही चांगल्या माणसाला पेलणार नाही. हे ओझं वाटून टाकायला हवं.

मी सुरुवात केली तेव्हा आम्ही चार ज्युनिअर होतो, चौघंही वेगवेगळ्या ऑफिसांतले. दिवाणी प्रक्रिया संहितेवरचं एक जाडजूड भाष्य चौघांत वर्गणी काढून घेतलं होतं आणि आठवड्याला ते एकेकाच्या घरी असायचं. तात्पुरत्या मनाईचा जो आदेश ३९, त्याच्या पानांवर हळदीचा एक डाग होता. माझ्याच घरचा. भाजी ढवळता ढवळता वाचलेलं. शुक्रवारी कोर्ट सुटलं की बाररूमच्या मागच्या टेबलावर तासभर बसायचं आणि त्या आठवड्यात कुणाची कुठे फजिती झाली ते सांगायचं. न्यायाधीश रागावले, चुकीच्या कलमाखाली अर्ज केला, मुदत हुकता हुकता राहिली. सीनियरसमोर जे बोलायची सोय नव्हती, ते तिथे बोलता यायचं. मला पहिली स्वतंत्र केसही त्या टेबलावरूनच मिळाली, चौघांतल्या एकाच्या नात्यातल्या माणसाची.

तुझ्या बारमध्ये पाच वर्षांच्या आतले वकील किती आहेत, मोज. त्यांतल्या चौघा-पाचांना घेऊन आठवड्याला एक तास ठरव. विषयांना तोटा नाही. १ जुलै २०२४ पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर तीस वर्षं वकिली केलेली माणसंसुद्धा कलमांचे आकडे नव्याने पाठ करताहेत. या विषयात तुम्ही आणि ते बरोबरीने सुरुवात केलीत, अशी संधी एका पिढीला एकदाच येते. एखाद्या शुक्रवारी त्यांतल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ घ्या. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायची तरतूद त्यात आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत, आणि एकापेक्षा जास्त गुन्ह्यांची प्रकरणं चालू असतील तर काय, हेही तिथेच आहे. वाचा, भांडा, जिल्ह्यातल्या कुठल्या बंद्याला ते लागू होईल याचा विचार करा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, कित्येकांचे मराठी अनुवादही आहेत. महागडी सॉफ्टवेअर नाहीत म्हणून अभ्यास अडत नाही.

दुसरं ठिकाण तुझ्या रोजच्या वाटेवरच असणार, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय. बरेच ज्युनिअर तिथे लोकअदालतीपुरतेच फिरकतात. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं आणि कमी उत्पन्नाचे लोक अशा सगळ्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला, आणि तो हक्क प्रत्यक्षात उतरवायला माणसं लागतात. प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनेलवर साधारणपणे तीन वर्षांच्या अनुभवाशिवाय घेत नाहीत, म्हणजे ते तुला अजून लांब आहे. पण २०२२ च्या योजनेतून जिल्ह्या-जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली, आरोपींच्या मोफत बचावासाठी. त्यात सहायक पदासाठी शून्य ते तीन वर्षं अनुभवाचे वकील घेतात आणि दरमहा ठरलेलं मानधन देतात. काम पूर्णवेळ, खासगी केसेस घ्यायची मुभा नाही, आणि सगळं फौजदारी. तू दिवाणीत रमलेला दिसतोस, त्यामुळे ही उडी विचार करूनच मार. पण तू लिहिलंस की चौदा महिन्यांत एकही उलटतपासणी घेतलेली नाही. दिवाणी ऑफिसात ती संधी चौथ्या-पाचव्या वर्षी येते. रिमांड, जामीन, साक्षी-पुरावे असं रोज चालणाऱ्या कार्यालयात ती बरीच आधी येऊ शकते. प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात, त्यांना भेटून जागा कधी निघतात ते विचार. विचारायला लाजू नकोस.

प्राधिकरणाच्या कार्यालयाच्या बाकावर एकदा मी एका आजींना पाहिलं होतं. दुधाच्या पिशवीत घडी घातलेला सातबारा. नवरा गेल्यावर वारसनोंदीत दिरांनी त्यांचं नाव घातलंच नव्हतं. फेरफाराला हरकत कुठे घ्यायची, तलाठ्याकडे की तहसीलदाराकडे, एवढंच त्यांना कळत नव्हतं, आणि त्या तीन हेलपाटे घालून आल्या होत्या. एका नवख्या वकिलाने अर्ध्या तासात त्यांचा अर्ज लिहून दिला. पैसे एकही नाही. पण त्या पोराच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं, ते तुझ्या चेहऱ्यावर चौदा महिन्यांत आलं नसावं, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. तारखा घेऊन घेऊन माणूस विसरतो की आपण वकील का झालो.

कोल्हापूरचं सांगते. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. तुझ्या मित्राने घाई केली असं मी म्हणणार नाही. तुला मात्र एक वेगळी वाट दिसते. खालच्या कोर्टातलं सगळं रेकॉर्ड मराठीत, साक्षी मराठीत, सातबारा-फेरफार मराठीत. उच्च न्यायालयात काम चालतं इंग्रजीत. ‘कूळ’, ‘खातेफोड’, ‘एकत्र कुटुंबाचा पुढारी’ हे शब्द समजून इंग्रजीत नेमके उतरवणारा आणि मूळ फाइल कोळून प्यायलेला माणूस तिथल्या वकिलांना लागतोच. सरांच्या ज्या केसेस अपिलात जातील, त्यांच्या अनुवादाचं आणि ब्रीफिंगचं, म्हणजे तिथल्या वकिलाला केस समजावून देण्याचं, काम तू माग, आणि त्याची वेगळी फी ठरव. कोल्हापूरला राहायला न जाता कोल्हापूरचं काम शिकायचं, असा हा मधला मार्ग. इंग्रजी कच्चं असेल तर आजपासून रोज एक निकाल मोठ्याने वाच.

कंपनीतली नोकरी वाईट नाही. कुणाच्या डोक्यावर कर्ज असेल, घरी आजारपण असेल, तर मी स्वतः म्हणेन, जा. फक्त एवढं लक्षात घे की पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. सनद खिशात ठेवून दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाहीत. कायदा शिकवायची मात्र परवानगी आहे, दिवसाला तीन तासांपर्यंत. जवळपासच्या विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काही मिळतं का, याची चौकशी कर. १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांकडेसुद्धा पक्षकारांची रांग नव्हती. पुढे काही वर्षं ते एका अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. जोडकाम करावं लागतं याची लाज वाटेल तेव्हा हे आठव.

सीनियर बदलायचा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण पत्रात तो आहे. स्पष्ट बोलून, तीन-चार महिने वाट पाहूनही काहीच हललं नाही, तर बदल. हातातल्या फाइली नीट टिपणांसह सोपव, सरांच्या एकाही पक्षकाराला बरोबर नेऊ नकोस, आणि पाया पडून नीघ. असं निघालेल्या ज्युनिअरला दगाबाज म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

रविवार रात्रीची धडधड मात्र अंगावर काढू नकोस. सोमवारच्या बोर्डाची भीती सगळ्यांनाच असते, पण आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल तर ते दुखणं आहे. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तालुक्याच्या गावात डॉक्टरकडे गेलो तर चर्चा होईल, असं वाटणाऱ्या कुणासाठीही तो सोयीचा आहे. वकिलांमध्ये हा विषय दबक्या आवाजात बोलला जातो, म्हणून मी इथे मोठ्याने लिहिते आहे.

बहिणीला सांग, सोडू नकोस. मात्र तू ज्या अंधारात आलास तसं येऊ नकोस. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची असते. ती सहीपुरती न उरकता एकदा तालुका न्यायालयात, एकदा एखाद्या सामाजिक संस्थेत आणि एकदा कंपनीत काढली, तर आपल्याला काय मानवतं ते तिला पाचव्या वर्षाच्या आत कळेल. कॉलेजात विधी साहाय्य केंद्र असणं बंधनकारक आहे. ते नुसतं पाटीपुरतं असेल तर तिनेच चार मैत्रिणी घेऊन ते उघडायला लावावं. प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून विद्यार्थ्यांनाही नाव देता येतं. फीचं म्हणशील तर मुलींच्या व्यावसायिक शिक्षणासाठी राज्याने २०२४ मध्ये शुल्कमाफी वाढवली आहे. तिच्या प्रवेशाला ती लागू होते का, हे कॉलेजच्या कार्यालयात याच आठवड्यात विचारा. आणि सनदेला हजारो रुपये लागतात म्हणून आतापासून धास्तावू नका. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की नोंदणी शुल्क कायद्यात लिहिलं आहे तेवढंच घ्यायचं, ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५.

राहता राहिले बाबा. सरांशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोल. आठ हजारांचं खोटं तू त्यांना त्रास होऊ नये म्हणून सांगितलंस, हे मला कळतं. पण आयुष्यभर सुट्या पैशांचा हिशेब ठेवलेल्या माणसाला आठ हजार कुठे दिसत नाहीत, हे कळलं नसेल असं तुला खरंच वाटतं? बहुतेक ते तुझ्या सांगण्याची वाट बघत असतील. उसन्याची यादी त्यांच्यासमोर ठेव, आणि पुढच्या सहा महिन्यांत काय काय करणार आहेस तेही सांग. मग एखाद्या दिवशी, तुझा एखादा अर्ज युक्तिवादाला असेल तेव्हा, त्यांना कोर्टात घेऊन ये. दिवाणी कोर्टाचं दार उघडं असतं, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही.